धनलक्ष्मीची बॅट

मित्रांनो, मी एक जुनी बॅट. क्रिकेटची नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण बॅट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते. मी पिकलबॉलची बॅट. टेबल टेनिसच्या बॅटीची थोरली बहीण समजा. तशीच सपाट, पण अंगाने रुंद. माझा चेंडू प्लास्टिकचा, पोकळ, अंगभर भोकं पडलेला. त्याला मारलं की 'टॉक' असा आवाज होतो. मला तो जगातला सगळ्यात गोड आवाज वाटतो. शेजारच्या बंगल्यातल्या आजोबांना तसं वाटत नाही, पण ते जाऊ द्या.

आत्ता मी रांगेत उभी आहे. माझ्यापुढे आठ बॅटी आहेत. एका डावाला चार बॅटी लागतात, म्हणजे माझा नंबर यायला दोन डाव आहेत. तोवर माझी हकिकत सांगते.

ही जागा म्हणजे मंगळूर. समुद्र इथून दिसत नाही, पण त्याचा आवाज येतो. इथली हवा मोठी समजूतदार आहे. पावसाळा सरला की ऊन सोसवेल इतकंच पडतं, थंडी नावापुरती येते, आणि चार वाजले की समुद्रावरून वारा सुटतो. म्हणून लोक उघड्यावर खेळतात. कोर्टाच्या कडेला सुरूची झाडं आहेत आणि कुंपणाच्या जाळीला टेकून एक लाकडी घोडी आहे. तिला बारा खाचा. जो येतो तो आपली बॅट शेवटच्या खाचेत ठेवतो आणि बाकावर बसून गप्पा मारतो. पुढच्या चार बॅटी उचलल्या की मागच्या पुढे सरकतात. माणसं बसतात आणि बॅटी उभ्या राहतात, अशी इथली पद्धत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी घरं आहेत, म्हणून मी वजनाला हलकी. माझा पहिला मालक एक तरुण होता. त्याने मला मोठ्या हौसेने घेतलं, मऊ पिशवीत ठेवलं, रोज पुसलं. लोक माझ्याकडे बघून "वा!" म्हणायचे आणि मी फुगून जायचे. मग एका संध्याकाळी तो अकरा-दोन असा हरला आणि त्याने रागाने मला जाळीच्या खांबावर आपटलं. हरला तो आणि फुटले मी. माझी कड उकलली, कपाळाला चीर गेली. त्याने मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि वळूनही पाहिलं नाही.

त्या डब्यातून मला कोंडाबाईने काढलं.

कोंडाबाई आणि तिचा नवरा तुळजाराम बीदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्याचे, मेहकरचे. त्यांचे वाडवडील मेंढरं राखायचे. मेंढरं सरली तेव्हा ही दोघं दुसऱ्याच्या रानात रोजाने जाऊ लागली. मग गावच्या एका माणसाने हे काम सांगितलं: कोर्टाची राखण, झाडलोट, राहायला फाटकाजवळ एक खोली. तुळजाराम फाटक सांभाळतो, कोंडाबाई झाडते. सुरूच्या काड्या फार पडतात इथे.

"चांगलं फळकूट हाय की," ती मला हातात फिरवत म्हणाली. "कामून टाकलं म्हणावं?"

तिने माझी कड दोऱ्याने आवळली. मुठीवरची फाटकी पट्टी काढली आणि तिथे आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ गुंडाळला. पहिले काही दिवस मी तिच्या चुलीला वारा घातला, वाळत घातलेल्या मिरच्या उलथ्यापालथ्या केल्या आणि कावळे हाकलले. खेळाडूच्या जातीला हे शोभतं का, असं मला वाटायचं. पण खरं सांगू? त्या मऊ पिशवीत माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. कोंडाबाई बोलायची.

तिच्या बोलण्यात एकच नाव यायचं, धनलक्ष्मी. तिची एकुलती एक मुलगी. ही दोघं मंगळूरला निघाली तेव्हा ती मेहकरच्या मराठी शाळेत सातवीत होती. मंगळुरात मराठी शाळा कुठून आणायची? पोरीचं वर्ष वाया जायला नको म्हणून तिला श्रीदेवीकाकूकडे ठेवायचं ठरलं. श्रीदेवीकाकू म्हणजे तुळजारामची भावजय, जीव लावणारी बाई. इथवर ठीक होतं. चूक झाली ती निघायच्या दिवशी. सोमवारी जाणार असं पोरीला सांगून कोंडाबाई शनिवारीच निघाली, पोर शाळेत असताना. समोर पोर रडली तर आपला पाय उंबऱ्याबाहेर पडणार नाही, एवढंच तिच्या मनात होतं. दुपारी धनलक्ष्मी घरी आली तेव्हा आईची ट्रंक जागेवर नव्हती. त्या दिवसापासून ती आईशी एक अक्षर बोलली नाही.

रविवार हा फोनचा दिवस. कोंडाबाई खोलीच्या पायरीवर बसायची, मांडीवर मला घ्यायची आणि फोन कानाला लावायची.

"धनू हाय का जवळ?"

"हाय की. इथंच बसलीय," पलीकडून श्रीदेवीकाकू सांगायची. "बोल म्हणायलेय मी, पर बोलंना बघ."

"काय करायलीय?"

"अभ्यास करायलीय."

"जेवली का?"

"व्हय, जेवली. तू कामून रडायलीस?"

बोलणं संपलं तरी कोंडाबाई फोन ठेवायची नाही, कारण पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज यायचा. तेवढा ऐकून घ्यायची. मग तिचा अंगठा माझ्या मुठीवरच्या हिरव्या काठावर फिरत राहायचा. मी साधी बॅट, मला हुंदका येत नाही. पण त्या वेळी माझ्या कपाळाची चीर दुखायची, हे खरं.

एका संध्याकाळी कोर्टावर तिघेच जण आले. त्यांत नेत्रावती अक्का होत्या. या निवृत्त शिक्षिका. इथला सगळा गट त्यांच्या शब्दात. त्यांनी झाडू मारणाऱ्या कोंडाबाईला हाक मारली. "ये गं, चौथी हो. तुझ्याकडे बॅट आहेच." बोलणं कन्नडात चाललं होतं. कोंडाबाईला बीदरकडचं कन्नड येतं. इथल्यांना ते ऐकून हसू येतं आणि इथलं कन्नड ऐकून तिला. मी आपलं सगळं आपल्या भाषेत सांगतेय.

नेत्रावती अक्कांनी तिला नियम समजावले. जाळीला लागून दोन्हीकडे सात फुटांची पट्टी असते, तिला किचन म्हणतात. तिथे उभं राहून वरच्या वर चेंडू मारायचा नाही.

"सैपाकघरात उभं ऱ्हायचं न्हाई?" कोंडाबाई म्हणाली. "मंग हा खेळ आमच्या गावात आणायलाच पाह्यजे."

सगळे हसले, पण पाच मिनिटांत त्यांचं हसू थांबलं. कोंडाबाई लहानपणी मेंढरांमागे हिंडलेली. एखादी मेंढी कळपातून फुटून पिकाकडे निघाली की तिच्यापुढे खडा टाकायचा असतो, अंगावर नाही. अंगावर लागला तर मेंढी बिथरते, गाभण असली तर फारच वाईट. खडा असा अलगद पडायला हवा की तिने नुसतं दचकून वळावं. कोंडाबाईच्या मनगटात तो खडा अजून होता. समोरचे दणादण मारायचे आणि ही चेंडू जाळीपलीकडे हळूच ठेवून द्यायची. टॉक. धावत येईपर्यंत चेंडूने दोन टप्पे घेतलेले असायचे. माझ्यासारख्या फुटक्या बॅटीने त्या दिवशी अकरा-सात असा डाव जिंकला. माझा पहिला मालक बाकावर असता तर, असं मला फार वाटलं.

पुढे ती रोज खेळू लागली. झाडलोट आटोपली की पदर खोचायची आणि मला रांगेत ठेवायची. ही रांग तिला शिकवावी लागली नाही. "ही तर आमच्या नळासारखी हाय," ती म्हणाली. मेहकरात नळाला एक दिवसाआड पाणी येतं. बायका पहाटे घागरी रांगेत ठेवून घरच्या कामाला जातात. घागर उभी आहे म्हणजे बाई उभी आहे, असं सगळ्या धरून चालतात.

मग दिवाळीला नेत्रावती अक्कांनी तिला एक चांगली बॅट दिली, निळी, धड कडांची. कोंडाबाईने ती कपाळाला लावली. मी कोपऱ्यातून बघत होते. मला वाटलं, झालं, आता पुन्हा मिरच्या आणि कावळे. मी मत्सराने जळत होते, हे कबूल करते.

पण त्या संध्याकाळी तिने दोन बॅटी उचलल्या. निळी रांगेत ठेवली आणि तिच्या मागे मला.

"ही कुणाची?" शिवय्यांनी विचारलं. शिवय्या म्हणजे पांढरी टोपी घालणारे, नियमांचे पक्के निवृत्त साहेब.

"माझ्या लेकीची."

"कुठे आहे लेक?"

"मेहकरला."

बाकावर हशा पिकला. शिवय्या हसले नाहीत. "जो हजर नाही त्याची बॅट रांगेत चालत नाही," ते म्हणाले.

"साहेब, आमच्याकडं शेजारीण बाजारला गेली तर तिची घागर आम्ही सरकवताव," कोंडाबाई शांतपणे म्हणाली. "नंबर आला अन् ती न्हाई आली, तर घागर मागं नेऊन ठेवायची. कुणाचं पाणी कमी होत न्हाई. पर तिची जागा मोडायची न्हाई. जागा मोडली की माणूस परकं झालं."

आणि तिने तसंच केलं. माझा नंबर आला की ती मला उचलून शेवटी नेऊन ठेवायची. कुणाचा डाव हुकला नाही. रोज मी पुढे सरकायचे, रोज मागे जायचे. खेळायला मिळत नव्हतं, पण मला नाव मिळालं. सगळे मला 'धनलक्ष्मीची बॅट' म्हणू लागले. शिवय्या मात्र रोज कुरकुरायचे.

श्रावणात कोंडाबाईला ताप आला. तीन दिवस ती खोलीतून बाहेर पडली नाही. मी घोडीवरच राहिले होते. पहिल्या संध्याकाळी पाऊस उघडला, चार जण जमले, माझा नंबर आला आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा शिवय्या उठले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं, रुमालाने पुसलं आणि मागच्या खाचेत नीट ठेवलं. "बघताय काय?" ते खेकसले. "जागा मोडायची नाही."

थांबा हं. चार बॅटी उचलल्या. आता माझ्यापुढे चारच उरल्या. मला घाई केली पाहिजे.

दसऱ्याला नेत्रावती अक्कांनी दोघांची सुट्टी ठरवली आणि फाटकाच्या किल्ल्या स्वतःकडे घेतल्या. सोळा महिन्यांनी कोंडाबाई गावी निघाली. तुळजाराम मधे एकदा जाऊन आला होता, पण तिला जमलं नव्हतं. की धीर झाला नव्हता, देव जाणे. मला तिने कपड्यांच्या घडीत ठेवलं होतं. वाटेभर तिचा हात पिशवीवर होता.

धनलक्ष्मी दारातच उभी होती. दोन वेण्या, लांब हात, आईसारखंच रुंद कपाळ. तिने बापाच्या हातातली पिशवी घेतली, "अप्पा, बसला जागा मिळाली का?" म्हणून विचारलं आणि आत गेली. आईकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. कोंडाबाई चप्पल काढायची विसरून तशीच उभी राहिली.

संध्याकाळी तिने मला बाहेर काढलं. "धनू, ही तुझी."

धनलक्ष्मीने मला हातात घेतलं. उलटंपालटं केलं, कपाळाच्या चिरेवरून नख फिरवलं. मुठीवरचा हिरवा काठ दिसला तेव्हा तिचं बोट जरा थांबलं. आईचं ते लुगडं तिने ओळखलं असणार. मग ती तुळजारामला म्हणाली, "अप्पा, घागरीवर झाकाण म्हणून बरी हाय."

खंडेनवमीला मला विळा, खुरपं आणि लोकर कातरायच्या जुन्या कातरीच्या पंगतीत बसवून हळदकुंकू वाहिलं. मी धन्य झाले. आणि दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याच्या पहाटे, मी खरोखरच घागरीवर झाकण झाले! काल देव आणि आज झाकण. कपाळावरचं कुंकूही वाळलं नव्हतं.

धनलक्ष्मीने तीन घागरी घेतल्या. दोन प्लास्टिकच्या, एक पितळेची. पितळेची पोचा पडलेली होती. ती तिने रांगेत सगळ्यांत शेवटी ठेवली आणि तिच्या तोंडावर मला झाकलं. म्हणजे पुन्हा रांगच! मी मनातल्या मनात हसले. माझ्या नशिबी उभं राहणंच होतं.

उजाडलं. पाणी आलं. घागरी सरकू लागल्या. इतक्यात मागून कोंडाबाई आली. घरात बसवेना म्हणून ती पाणी आणू लागायला आली होती. रांगेजवळ येताच तिची नजर पितळेच्या घागरीवर गेली. ती तिच्या लग्नातली घागर होती. गळ्याखाली नाव कोरलेलं होतं: सौ. कोंडाबाई.

"ही कामून आणली?" ती स्वतःशीच म्हणाली. "ही तर माळ्यावर ठेवून गेलते मी."

शेजारची लिंगम्मा पदराने हात पुसत पुढे आली. "माळ्यावर? अगं बाई, तू गेल्यापासनं एक पाणी चुकलं न्हाई या घागरीचं. आम्ही म्हणलं, कोंडाबाई गावात न्हाई, तिची घागर कशाला रांगेत? तर ही पोरगी भांडायला उठली. 'न्हाई कशी? येणाराय माझी आई. तिची जागा मोडू नका,' म्हणली. अन् नंबर आला की भरायची बी न्हाई. तशीच रिकामी उचलून मागं नेऊन ठेवायची. आम्हाला वाटलं, लेकरू हाय, दोन दिवसांनी इसरंल. सोळा महिने झाले."

कोंडाबाई नळाच्या ओट्यावर मटकन बसली. मग घागरीवरच्या माझ्याकडे बोट दाखवून ती लिंगम्माला सांगू लागली, पण ऐकवायचं होतं ते लेकीला.

"ही बॅट बी तशीच उभी हाय तिकडं. रोज. लोकं हसत्यात मला. नंबर आला की मागं ठेवते. म्हणलं, एक ना एक दिवस येईल माझी धनू." मग ती सरळ लेकीकडे वळली. "त्या शनवारी मी न सांगता गेले. चुकलं माझं. तुझं रडणं बघवलं नसतं म्हणून गेले, अन् मंग रोज तेच बघितलं डोळे मिटून."

नळाचं पाणी एका भरलेल्या घागरीवरून वाहत होतं आणि कुणाचंही तिकडे लक्ष नव्हतं. धनलक्ष्मी पाठ फिरवून उभी होती. तिच्या दोन्ही वेण्या थरथरत होत्या.

मग तिने वळून मला घागरीवरून काढलं आणि छातीशी धरलं. तिचं काळीज किती जोरात धडधडत होतं ते मला कळलं. दुसऱ्या हाताने तिने ती पितळेची घागर नळाकडे सरकवली.

"आई," ती म्हणाली, "नंबर आलाय तुझा. घागर लाव."

सोळा महिन्यांत पहिल्यांदा ती घागर भरली.

मित्रांनो, आता माझ्यापुढे एकही बॅट नाही. चालू डाव दहा-आठवर आलाय, म्हणून थोडक्यात सांगते. तुमच्या घरी एखादी तडा गेलेली, पोचा पडलेली वस्तू असेल. ती टाकायच्या आधी घरात जरा विचारून घ्या. कदाचित ती कुणाची तरी जागा धरून उभी असेल. आणि जाताना सांगून जात जा. समोरचं माणूस रडेल, तुम्हीही रडाल, पण सांगून जा.

संपला डाव. शिवय्या उठले. सवयीने त्यांचा हात माझ्याकडे आला, मला मागे नेऊन ठेवायला. पण त्याआधीच एक लांब, सावळा हात पुढे आला. कालच शाळेच्या सुट्टीपुरता मंगळुरात पोचलेला.

"ऱ्हाऊ द्या, अण्णा," धनलक्ष्मी म्हणाली. "मी हाय."

शिवय्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि बाजूला झाले. पलीकडे कोंडाबाई निळी बॅट घेऊन उभी आहे आणि तिला चेंडू नीट दिसत नसावा, कारण ती सारखे डोळे पुसतेय. हिरव्या काठावर पाच बोटं घट्ट आवळली गेली.

येते मी. माझा नंबर आला.